विमान पडलं, पोरगा एकटा उरला, आणि आमच्याकडे आमटी गार झाली

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री ११.२०

आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा. पुस्तक हातात घेणं म्हणजे शिक्षा, अशी त्यांची पक्की समजूत. आजवर त्याच्यासाठी घेतलेली अर्धी पुस्तकं मीच वाचली, उरलेली अर्धी शेजारच्या मुलीने. दिवाळीत माझा भाऊ अमेरिकेतून आला तेव्हा चार पुस्तकं घेऊन आला. त्यातलं सगळ्यात बारीक ह्याने उचललं. बारीक होतं म्हणूनच उचललं, हे त्याने स्वतः कबूल केलंय. गॅरी पॉल्सनचं 'हॅचेट'.

ते महिनाभर तसंच पडून होतं. मग एका रात्री जेवायला हाका मारतेय, तर तिसऱ्या हाकेला आतून आवाज आला, "थांब ना आई, त्याचा जाळ अजून पेटला नाहीये." आमटी गार झाली, पण मी चौथी हाक मारली नाही. असा योग आमच्या घरी पुन्हा कधी यायचा?

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: १९८७ सालचं पुस्तक आहे. तेरा वर्षांचा ब्रायन, आईवडिलांचा घटस्फोट झालेला, लहानशा विमानाने कॅनडात वडिलांकडे निघालाय. विमानात तो आणि पायलट, दोघंच. पायलटला हार्ट अटॅक येतो, विमान जंगलातल्या एका तळ्यात पडतं. पोराकडे काय, तर निघताना आईने दिलेली, पट्ट्याला अडकवलेली छोटी कुऱ्हाड. पुढचे ५४ दिवस तो आणि ती कुऱ्हाड.

मग मीही वाचून काढलं. मला वाटलं होतं की अस्वल, वादळ, मूस हरणाची धडक वगैरे थरारावर पोरगा भाळला असणार. त्याने मला जी पानं उघडून दाखवली ती निराळीच निघाली. रात्री गुहेत साळिंदर शिरतं. अंधारात ब्रायन आवाजाच्या दिशेने कुऱ्हाड फेकतो. ती भिंतीच्या दगडावर आपटते आणि ठिणग्या उडतात. त्या वेळी पायात घुसलेल्या काट्यांमुळे त्याचं तिकडे लक्षच नाही. डोक्यात प्रकाश पडतो तो दुसऱ्या दिवशी. मग सुरू होतं ते खरं प्रकरण. वाळकं गवत धरतो, पेटत नाही. खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिच्या चिंध्या करतो, तीही पेटत नाही. मग बर्च झाडाची साल केसाएवढी बारीक सोलत बसतो, किती तरी वेळ. ठिणगी पडते, लाल होते, विझते. आणखी साल, आणखी ठिणग्या, पुन्हा विझते. मग कुठे आठवतं की जाळाला हवा लागते. फुंकर घालतो.

"ह्यात एवढं काय आवडलं तुला?" मी विचारलं.

"त्याला कुणी सांगितलं नाही, आई."

एवढंच म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. मी आपली बसले विचार करत. ह्या पोराचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. बाटली घेतलीस का, डायरीवर सही घेतलीस का, क्लासची वही कुठाय. त्याची चूक व्हायच्या आधीच आम्ही कुणीतरी पकडलेली असते. आम्ही नाही तर टीचर, टीचर नाही तर रिक्षावाले काका. ब्रायनची चूक पकडायला कुणी नाही. ती त्याचीच राहते आणि निस्तरायचीही त्यालाच. मला वाटतं मुलांना ओढ ह्याची आहे. जंगल हे आपलं त्यासाठी लागणारं सामान.

तुम्हाला काय वाटतं? तुमच्या लहानपणी तुम्ही कुठल्या बेटावर अडकला होतात?

---

गोष्टीवेल्हाळ | शनिवार, रात्री ११.५२

मी रॉबिन्सन क्रूसोच्या बेटावर. मूळ पुस्तक १७१९ चं. ह्या सगळ्या कथांचा तो खापरपणजोबा. संक्षिप्त मराठी आवृत्ती होती, मुखपृष्ठ फाटलेली. मला त्यातला क्रूसोचा सोबती फ्रायडे आठवत नाही, वादळ आठवत नाही. आठवते ती फुटक्या जहाजावरून तो एकेक वस्तू तराफ्यावर घालून किनाऱ्याला आणतो ती यादी. बिस्किटं, हत्यारं, दारूगोळा, दोरखंड. मी आमच्या माळ्यावर जाऊन तशीच यादी करायचो: घमेलं एक, सुतळी, कंदील (काच नसलेला), आजोबांची छत्री.

ज्या खलाशावरून हे पात्र सुचलं असं सांगतात तो अलेक्झांडर सेल्कर्क तर आणखी भारी. १७०४ मध्ये कप्तानाशी भांडला, 'हे जहाज गळकं आहे, ह्यातून मी येत नाही' म्हणाला आणि चिलीजवळच्या एका बेटावर उतरला. चार वर्षं चार महिने एकटा. रात्री उंदीर पाय कुरतडायचे म्हणून त्याने रानमांजरं माणसाळवली. आणि ते जहाज पुढे खरंच बुडालं!

तुमच्या मुलाचं वाक्य झकास आहे. पुढे कधीतरी ढापणार.

---

धास्तावलेली | रविवार, सकाळी ८.०५

धागा छान. पण मी पुस्तक चाळलं तेव्हा थबकले होते. शोधायला आलेलं विमान डोक्यावरून परत निघून जातं आणि ब्रायन इतका खचतो की त्याच कुऱ्हाडीने स्वतःला इजा करून घेतो. दोन-चार ओळींतच आहे, तेही नंतर मागे वळून सांगितलेलं, पण आहे. माझी मुलगी अकराची. तिला द्यावं की नाही ह्यावर घरात दोन तट पडलेत.

आणि दुसरं म्हणजे आग. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एकाने असंच काहीतरी पाहून गच्चीत पुठ्ठे पेटवले होते. सोसायटीची मीटिंग तीन तास चालली.

---

दुपारचा_चहा | रविवार, सकाळी ८.४०

@धास्तावलेली, त्या ओळींवर मीही अडखळले. त्याला विचारलं, "हे वाचलंस?" म्हणाला, "हो. पण नंतर तो म्हणतो ना की आता मी नवीन झालो." मग दहा मिनिटं बोललो त्यावर. एरवी ह्या विषयावर मी त्याच्याशी कशी काय बोलले असते? तुमच्या मुलीला तुम्ही ओळखता, तेव्हा निर्णय तुमचाच. देणार असाल तर आधी तुम्ही वाचा आणि ती वाचत असताना आसपास असा.

पुठ्ठ्यांबद्दल: गच्चीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. :)

---

कडूकारले | रविवार, सकाळी १०.१५

मला ह्यात नवल वाटत नाही. मोबाइलवर पोरं दुसरं काय करतात? माइनक्राफ्ट उघडा. पहिल्या दिवशी झाडं तोडा, अंधार पडायच्या आत खोपटं बांधा, नाहीतर रात्री राक्षस येणार. पुढे शेती करा, खाणं मिळवा, भुकेची पट्टी खाली येऊ देऊ नका. तेच ब्रायनचं. फक्त एकाला आपण 'वाचन' म्हणून डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याला 'स्क्रीन' म्हणून शिव्या घालतो.

शिवाय ही सगळी पोटभर जेवलेल्या घरांची हौस. ज्यांना रोजच सर्पण गोळा करावं लागतं त्यांना कुऱ्हाडीची गोष्ट रम्य वाटेल का?

---

पाड्यावरचे_मास्तर | रविवार, दुपारी ३.३०

@कडूकारले, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते तुम्हाला किंवा धागाकर्तीला, दोघांनाही पुरतं सोयीचं नाही.

मी आश्रमशाळेत शिकवतो (गाव सांगत नाही). सातवीचा वर्ग, मुलं बहुतेक ठाकर आणि कातकरी. मागच्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, चार दिवस नवं काही येणार नव्हतं, तेव्हा मी हीच 'हॅचेट'ची गोष्ट रोज तासभर मराठीत सांगितली. पुस्तक समोर, भाषांतर तोंडी.

ब्रायन पहिल्यांदा लाल आंबट फळं ओरबाडून पोटभर खातो आणि रात्रभर ओकतो. माझी अपेक्षा अशी की वर्ग हळहळेल. वर्ग हसला! "चाखून नाय पाहिलं? एकदम पोटभर?" एक मुलगी तर रागावली. तिच्या मते नवं फळ दिसलं तर आधी पाखरं खातात का बघायचं, मग जिभेला लावायचं, मग थांबायचं. (पाखरांचा हा नियम सगळीकडे चालत नाही, पक्ष्याला पचतं ते माणसाला बाधू शकतं, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर मग थांबायचं.") ह्या मुलांना शेवळ ही रानभाजी माहीत आहे. पावसाच्या तोंडावर येते, आणि काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय शिजवली तर घसा धरते. कडूकंदाचे काप उकडून वाहत्या पाण्यात ठेवायचे, नाहीतर तोंडात घालवत नाहीत, हेही माहीत आहे. त्यांच्या नजरेत ब्रायन म्हणजे 'ढ'.

मग मासे. ब्रायन भाला करतो, मारतो, नेम चुकतो. मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो, आता प्रकाशाचं अपवर्तन शिकवू म्हटलं. मागच्या बाकावरून आवाज: "सर, मासा दिसतो तिथं नसतो. खालती धरायचं." झालं. अख्खा पाठ एका वाक्यात. मी आपली आकृती तरीही काढली, पगार घेतो म्हणून.

तर मग त्यांना गोष्ट आवडली नाही का? आवडली. पण ती कुठे लागली बघा. दुसऱ्या दिवशी मी सांगत होतो की रात्र झाली आणि ब्रायन गुहेत एकटा झोपला. वर्ग गप्प. मग एकाने विचारलं, "त्याच्यासंगं कुणीच नाय? रात्रीपण?" उरलेले दिवस त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: गावातली माणसं शोधायला का आली नाहीत? रान त्यांना नवं नव्हतं. एकटं असणं नवं होतं. जाळाच्या प्रसंगाला कुणी श्वास रोखला नाही. पण विमान वरून निघून गेलं तेव्हा दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हणजे ताई, तुमच्या मुलाला जे हवंहवंसं वाटलं, 'कुणी नाही', तेच आमच्या मुलांना सगळ्यात भयंकर वाटलं. गोष्ट तीच.

---

दुपारचा_चहा | रविवार, दुपारी ४.०२

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता मुलाला वाचून दाखवते.

---

दुपारचा_चहा | रविवार, दुपारी ४.३५

वाचून दाखवला. 'ढ' शब्दाने चिरंजीव जाम दुखावले. थोड्या वेळाने बाथरूममधून आवाज येतोय म्हणून गेले, तर टब भरलाय, तळाशी वाटाणा, आणि हे महाशय केरसुणीची काडी घेऊन नेम धरतायत. "खालती धरलं की लागतं," असं त्या मागच्या बाकावरच्या मुलाला कळवायला सांगितलंय.

---

पाड्यावरचे_मास्तर | रविवार, सायं. ६.१०

कळवतो. वाटाणा पळत नाही, असं उत्तर येणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

ह्याच संदर्भात एक राहिलं. १ मे २०२३ ला कोलंबियात अ‍ॅमेझॉनच्या जंगलात छोटं विमान पडलं. मोठी माणसं गेली, हुइतोतो ह्या आदिवासी समाजातली चार भावंडं वाचली. थोरली तेरा वर्षांची, म्हणजे ब्रायनएवढीच, आणि धाकटं अकरा महिन्यांचं. विमानातलं कसाव्याचं पीठ संपल्यावर रानातलं काय खायचं हे थोरलीला आजीने, घरच्यांनी शिकवलेलं होतं. चाळीस दिवसांनी ती सापडली, आणि शोधात सैनिकांच्या बरोबरीने जंगल जाणणारे आदिवासी होते. तिथे एकटी मुलगी नव्हती, तिच्या पाठीशी आजी होती, जरी आजी शेकडो मैलांवर असली तरी. आमच्या वर्गाला ही गोष्ट 'हॅचेट'पेक्षा जास्त पटली.

---

शिळोप्याची_वीणा | रविवार, रात्री ९.२०

मास्तरांना साष्टांग. आता मुलींची बाजू.

ह्या सगळ्या गोष्टींत पोरगेच का अडकतात असं माझ्या मुलीने विचारलं, तेव्हा मी तिला स्कॉट ओडेलचं 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' दिलं (१९६०). कॅलिफोर्नियाजवळचं बेट. अख्खी वस्ती जहाजाने निघून जाते, धाकटा भाऊ मागे राहिला म्हणून कराना जहाजातून उडी मारते. भावाला थोड्याच दिवसांत रानकुत्री मारतात. आता हत्यार हवं. पण तिच्या लोकांत बाईने हत्यार करायचं नाही असा दंडक आहे. केलं तर काय होईल? चारी दिशांचे वारे येऊन गुदमरवतील? धरणीकंप होईल? की ऐन वेळी ते हातातच मोडेल? बेटावर तिला अडवायला एक माणूस नाही, तरी ती ह्या प्रश्नांशी झगडत बसते. आणि मग करतेच. वारे येत नाहीत.

धागाकर्ती म्हणते की जंगलात चूक पकडणारं कुणी नसतं. मुलीच्या बाबतीत ते तितकं खरं नाही हो. पकडणारे लोक ती डोक्यात घेऊन येते. त्यांना एकेक करून जहाजावर बसवून द्यावं लागतं, तेव्हा बेट खरं रिकामं होतं. माझ्या लेकीला हे शब्दांत सांगता आलं नाही, पण हत्याराचं ते पान तिने दुमडून ठेवलंय. (पुस्तक लायब्ररीचं. दंड मी भरेन.)

ही गोष्ट खऱ्या बाईवर आधारलेली आहे. सॅन निकोलस बेटावर ती १८३५ पासून १८५३ पर्यंत, अठरा वर्षं राहिली. सापडली तेव्हा अंगात पाणकावळ्यांच्या पिसांचा झगा होता. सांता बार्बराला आणलं, पण तिची भाषा पुरती समजेल असं कुणी भेटलं नाही. गाणी म्हणायची, खाणाखुणा करायची. सात आठवड्यांत आजारी पडून गेली. तिचं मूळ नाव काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही. जुआना मारिया हे पाद्र्यांनी ठेवलेलं.

---

कडूकारले | रविवार, रात्री ९.४८

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेत नाही, पण आज रात्रीपुरते आवरते घेतो.

---

टारहील_पुणेकर | सोमवार, सकाळी ६.३० (भारतीय वेळ)

नॉर्थ कॅरोलिनातून. इकडे पुष्कळ शाळांत 'हॅचेट' अभ्यासाला असतं. त्यामुळे आमच्याकडे नेमकं उलटं घडलं! पोराने शाळा लावायच्या आधीच सुट्टीत वाचून घेतलं होतं, खूश होता. मग वर्गात प्रत्येक प्रकरणाला वर्कशीट. 'ब्रायन ह्या प्रसंगातून काय शिकला? तीन मुद्दे लिहा.' चौथ्या प्रकरणापर्यंत बिचाऱ्याला ब्रायनचा कंटाळा आला. एका उत्तरात त्याने 'मला वाटतं तो काही शिकला नाही, त्याला नुसती भूक लागली होती' असं लिहिलं आणि त्याचा अर्धा गुण कापला गेला. मी ते उत्तर फ्रिजवर लावून ठेवलंय.

भुकेबद्दल मात्र त्याचं बरोबर आहे. ह्या पुस्तकात पान-पानभर खाणं आहे. कासवाची अंडी, रासबेरी, मूर्खासारखे अंगाशी येईपर्यंत न उडणारे पक्षी. पॉल्सन ह्या बाबतीत इमानी माणूस. जंगल, कुत्र्यांच्या घसरगाड्या, अलास्काची इडिटारॉड शर्यत, हे सगळं त्याने स्वतः केलेलं. कुऱ्हाडीने जाळ पेटवून पाहिला. कासवाची कच्ची अंडी मात्र आपल्या पोटात टिकली नाहीत, असं त्यानेच लिहून ठेवलंय. लहानपण वाईट गेलं, आईबाप दारुडे. थंडीत ऊब घ्यायला म्हणून एका लायब्ररीत शिरला तर तिथल्या बाईंनी कार्ड करून दिलं आणि पुस्तक हातात ठेवलं. २०२१ मध्ये गेला.

आणि तुमच्या चिरंजीवांना सांगा: ब्रायनची सुटका फार लवकर झाली, खरा हिवाळा तर पुढे होता, अशी तक्रार वाचकांनी इतकी केली की पॉल्सनने १९९६ मध्ये 'ब्रायन्स विंटर' लिहिलं. सुटका झालीच नसती तर काय, ह्या धर्तीवर. ५४ दिवस पोरांना कमी पडले!

---

घाटवाट | सोमवार, सकाळी ११.००

सगळं वाचून मजा आली. पण मी दर पावसाळ्यात हरवलेली पोरं शोधायला जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे थोडं विरजण घालतो.

ह्या कथांमधली सगळ्यात प्रसिद्ध खरी गोष्ट ज्युलियाने कोपकेची. २४ डिसेंबर १९७१, पेरू. वीज पडून विमान हवेतच फुटलं. सतरा वर्षांची ही मुलगी सीटला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली अ‍ॅमेझॉनच्या झाडांत पडली. ९२ पैकी ती एकटी वाचली. चष्मा गेलेला, एका पायात सँडल, खायला गोळ्यांचं पाकीट. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, त्यामुळे तिला वडिलांचं सांगणं आठवलं की ओढा धरून चालत राहा, ओढा नदीला मिळतो, नदीकाठी माणसं असतात. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या. वडिलांनी एकदा कुत्र्याच्या जखमेवर रॉकेल ओतलं होतं ते आठवून तिने एका होडीपाशी सापडलेलं पेट्रोल ओतलं. अकराव्या दिवशी माणसं भेटली.

ही गोष्ट वाचलेला एक कॉलेजचा मुलगा आम्हाला दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडाच्या बाजूला सापडला. वाट चुकल्यावर त्याने काय केलं? ओढा धरला आणि उतरत गेला! अरे बाबा, ती सपाट अ‍ॅमेझॉन, हा सह्याद्री. आपल्याकडे ओढा चार-पाचशे फूट गुमान चालतो आणि मग सरळ कड्यावरून उडी मारतो. पाण्याला खाली जाता येतं, तुम्हाला नाही. हा ज्या पायरीवर अडकला तिथून वर चढता येत नव्हतं आणि खाली बघवत नव्हतं. रात्रभर धबधब्याच्या तुषारात बसला. सकाळी दोरावरून काढला तेव्हा ओठ निळे.

आमच्याकडचा नियम अगदीच नीरस आहे. हरवलो असं कळलं त्या क्षणी थांबा. मोकळ्या, उंचवट्याच्या जागी बसा, शिट्टी वाजवा, तीन-तीनदा. रेंज असेल तर ११२. अमेरिकेत लहान मुलांना तर 'झाडाला मिठी मारून बस' असंच शिकवतात. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत ती फुटबॉलची बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले, तेही एका उंचवट्यावर बसून राहिले, भिंतीवरून ठिबकणारं पाणी पीत. नवव्या दिवशी पाणबुडे पोचले. (पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे तंत्रज्ञही गेले होते.)

पण 'मुलगा बसून राहिला' ह्यावर पुस्तक कोण वाचणार? तिथेच गोची आहे. मी स्वतः असलीच पुस्तकं वाचून डोंगरात गेलो, खोटं कशाला बोलू.

---

गोष्टीवेल्हाळ | सोमवार, दुपारी १२.१०

+१. ओढ्याचं माहीतच नव्हतं, मीही तेच केलं असतं. वाचनखूण साठवली.

---

धास्तावलेली | सोमवार, दुपारी १२.४५

घाटवाट, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून शिट्टीसकट मुलीच्या ट्रेकच्या सॅकमध्ये टाकला. पुस्तक अजून टाकलेलं नाही. आधी मी पूर्ण वाचतेय. साळिंदरापर्यंत आले. आज डबा करायला उशीर झाला.

---

खोत_नसलेले_अण्णा | सोमवार, रात्री ८.१५

वय ७४, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

'पाडस' कुणाला आठवलं नाही? मार्जोरी रॉलिंग्जच्या कादंबरीचं राम पटवर्धनांनी केलेलं मराठी. ज्योडीच्या बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला म्हणून बाप तिथल्या तिथे हरिणी मारून तिचं काळीज (यकृत) जखमेवर ठेवतो (आज कुणी असलं काही करू नका, सरळ दवाखाना गाठा), आणि त्या हरिणीचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. पुढे तेच पाडस शेतातले कोंब खातं. आणि शेतावर सगळ्यांची पोटं. मी ते कॉलेजात वाचलं आणि शेवटची तीस पानं आमच्या गोठ्यात जाऊन वाचली, घरात कुणी रडताना पाहू नये म्हणून. त्यात कुणी जंगलात हरवत नाही. घर जंगलातच आहे. म्हणून ते मला ब्रायनपेक्षा मोठं वाटतं, पण ते असो.

मी आलो ते जाळासाठी. आमचे आजोबा काडेपेटीला हात लावत नसत. कमरेला कातडी बटवा, त्यात चकमक. गारगोटीचा खडा अंगठ्याखाली, त्याच्या धारेला लागून कापसाचा बोळा, आणि दुसऱ्या हातात पोलादाचा वाकडा तुकडा. दोन फटके, बोळ्यात लाल ठिपका, की हलकी फुंकर आणि विडी पेटली. आम्ही पोरं तासन्‌तास झटायचो तेव्हा एकदा जमायचं. आजोबा बघत बसायचे, पण कसं करायचं ते सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "हात सांगेल."

म्हणजे जंगलात न जाताही कुणीतरी असं बघत न बघितल्यासारखं करून शेजारी बसू शकतं.

---

दुपारचा_चहा | पुढचा रविवार, सायं. ७.००

अण्णा, तुमच्या प्रतिसादाने आमचा आठवडा खाल्ला.

गच्चीची किल्ली दिली. अटी: शेजारी पाण्याची बादली, अंगात सुती कपडे, आणि मी पाच फुटांवर खुर्ची टाकून बसणार. सासऱ्यांच्या हत्यारपेटीत एक जुनी झिजलेली कानस मिळाली. गारगोटी टेकडीवरून आली. पहिला दिवस: स्टीलच्या चमच्याने प्रयत्न, ठिणगी नाही. दुसरा दिवस: कानस. ठिणग्या! सोसायटीतली चार पोरं जमली. तिसरा दिवस: औषधाच्या दुकानातला कापूस, एकेचाळीस फटके (त्याने मोजले), अंगठ्याला कापलं, कापूस पेटला नाही. एकदा लाल ठिपका आला तर ह्याने इतक्या जोरात फुंकलं की कापूस शेजारच्या पापडांवर जाऊन पडला.

अण्णा, मला गप्प बसवत नव्हतं हो. "हळू फुंक" हे शब्द ओठांवर आले होते. मी ओठ दाबून वर्तमानपत्र वाचत बसले. त्याच पानावर अर्धा तास.

आता प्रश्न असा की तुमचे आजोबा कापूस कुठला वापरायचे?

---

खोत_नसलेले_अण्णा | रविवार, रात्री ९.०५

सावरीचा. थोडी कोळशाची पूड चोळून बांबूच्या नळीत कोंबलेला. दुकानातला कापूस उपयोगाचा नाही.

---

दुपारचा_चहा | सोमवार, रात्री ८.३०

गादीवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला सावरीची उशी आता कुणी मागत नाही, फायबर न्या. चिरंजीवांनी त्याला "फायबर ठिणगी धरतं का?" असं विचारल्यावर त्याने आम्हाला जरा लांबच उभं केलं.

---

खोत_नसलेले_अण्णा | सोमवार, रात्री ९.१०

विकत कशाला घेता? थोड्याच दिवसांत सावरी फुलतील. पानं नसतील, नुसती लाल फुलं, लांबून दिसतात. टेकडीवर जाऊन झाडं हेरून ठेवा. बोंडं फुटतात एप्रिलच्या सुमारास. वाऱ्याने उडायच्या आत खालची वेचायची.

---

दुपारचा_चहा | मंगळवार, सकाळी ७.४५

एप्रिलपर्यंत थांबावं लागेल हे सांगितलं तेव्हा मला वाटलं आता चिडचिड होणार. काही बोलला नाही. आज दुधाचा खाडा लिहायला कॅलेंडर काढलं, तर एप्रिलच्या पानावर पेन्सिलने छोटीशी कुऱ्हाड काढलेली. खाली मास्तरांच्या वर्गासाठी निरोप आहे, तसाच देते: 'तिकडे सावर आहे का? आणि तुमची बोंडं आमच्या आधी फुटतात का?'